-ओएस लावूनही फ्लॅश भरतेय? कंपायलर इनलाइनिंगमध्ये कुठे चुकतोय ते कसं शोधायचं

छोट्या मायक्रोकंट्रोलरवर काम करणाऱ्यांच्या मागे ही कटकट कायमची लागलेली असते. बिल्ड -ओएस वर आहे, म्हणजे कंपायलरला आधीच सांगून ठेवलंय की स्पीडचं नंतर बघू, आधी साइज कमी कर, आणि तरी रिलीजच्या तोंडावर एखादं बारीक फीचर टाकलं की लिंकर (सगळ्या फाइल जोडून अंतिम प्रोग्राम बनवणारा) ओरडतो, फ्लॅश रीजन (चिपवर प्रोग्राम साठवायची मेमरी) इतक्या बाइटनी ओव्हरफ्लो झालाय. मग कोणीतरी चार डीबग मेसेज काढतं, कोणीतरी प्रिंटएफ हटवतं, बिल्ड पास होतं, सगळे घरी जातात आणि पुढच्या रिलीजला परत तेच. मेसेज काढून मूळ दुखणं जात नाही, आणि माझ्या अनुभवात ते दुखणं बऱ्याचदा इनलाइनिंगमध्ये असतं, म्हणजे फंक्शनला कॉल करण्याऐवजी त्याची बॉडी थेट कॉल करणाऱ्या फंक्शनमध्ये (कॉलरमध्ये) उतरवण्यात. कंपायलर जे फंक्शन कॉलरच्या आत घ्यायला हवं ते बाहेर ठेवतो आणि जे बाहेर ठेवायला हवं ते आत घेतो.

हे सगळं मी जीसीसी कंपायलर आणि कॉर्टेक्स एम-झिरो प्रोसेसर धरून लिहितोय, उदाहरणाला एसटीएम३२एफ०३० चा ३२ केबी फ्लॅश आणि ४ केबी रॅमवाला चिप घ्या. क्लँगवाल्यांसाठी शेवटाकडे थोडं आहे. फ्लॅगची नावं देवनागरीत आहेत, टाइप करताना नेहमीच्या स्पेलिंगने करा.

आधी लक्षणं बघू, कारण फ्लॅश भरली म्हणजे इनलाइनिंगच चुकलंय असं काही नाही. फायनल ईएलएफ (लिंकरने बनवलेली अंतिम फाइल) वर एनएम (फंक्शनांची नावं आणि साइज छापणारं टूल) चालवा, साइजप्रमाणे सॉर्ट करून. एक एक .ओ फाइल बघण्यात अर्थ नाही कारण लिंकर बरंच काही टाकून देतो, जे शेवटी चिपवर जातं तेच मोजायचं. या यादीत दोन गोष्टी शोधा. पहिली, एकच नाव पुन्हा पुन्हा आलंय का, प्रत्येक वेळी वेगळा ॲड्रेस आणि पुढे स्मॉल टी, म्हणजे लोकल फंक्शन. हेडरमधलं स्टॅटिक इनलाइन फंक्शन असं दहा-वीस वेळा दिसलं तर समजा की कंपायलरने ते इनलाइन केलेलं नाही आणि ज्या ज्या सी फाइलने ते वापरलं तिथे तिथे त्याची वेगळी कॉपी पडलीय. दुसरी, यादीच्या टोकाला एखादं फंक्शन सोर्समध्ये दिसतं त्यापेक्षा फारच मोठं आहे का. मेन किंवा मुख्य स्टेट मशीन असं फुगलेलं असेल तर त्याच्या पोटात बाकीची पाच-सहा फंक्शनं गेलेली असतात. नावापुढे डॉट पार्ट, डॉट कॉन्स्टप्रॉप, डॉट इस्रा असं काही दिसलं तर घाबरू नका, ते कंपायलरनेच फंक्शन तोडून किंवा आर्ग्युमेंट बदलून केलेले तुकडे असतात.

आता कंपायलर हिशोब कसा करतो ते समजून घ्या, एवढं कळलं की निम्मं काम झालं. -ओएस मध्ये इनलाइनिंग बंद असतं असा एक पक्का गैरसमज आहे. तसं नाहीये. छोटी फंक्शनं आत घेणं, एकदाच कॉल होणारी आत घेणं, दोन्ही चालू असतं, फक्त अट एवढीच की त्यामुळे साइज वाढता कामा नये. आणि "वाढणार का" हे ठरवताना सगळ्यात मोठा प्रश्न असतो की आत घेतल्यावर बाहेरची कॉपी टाकून देता येईल का. टाकून देता आली तर फायदा मोठा. नाही आली तर कंपायलरच्या दृष्टीने ती कॉपी राहणारच आणि वर कॉलरमध्ये भर, म्हणजे तोटाच.

हे जे "टाकून देता येईल का" आहे ना, तिथेच आपला कोड त्याला अडवतो. फंक्शनला स्टॅटिक लावलेलं नाही, मग दुसरी कुठली तरी फाइल त्याला कॉल करत असेल असं कंपायलरला धरावंच लागतं. तुम्हाला माहितीये की कोणी करत नाही, लिंकरलाही नंतर कळतं आणि फंक्शन-सेक्शन्स आणि जीसी-सेक्शन्स हे फ्लॅग लावले असतील तर तो ती न वापरलेली कॉपी काढूनही टाकतो, पण निर्णय तर आधीच होऊन गेलेला असतो! कंपायलरने कॉपी राहणार असं धरून इनलाइन नाकारलेलं असतं. म्हणून पहिला उपाय एकदम साधा: ज्या फंक्शनचा वापर त्याच फाइलपुरता आहे त्याला स्टॅटिक लावा. मी कुठलाही फुगलेला प्रोजेक्ट हातात घेतला की सगळ्यात आधी हेच करतो. तसंच फंक्शनचा ॲड्रेस कुठे कॉलबॅक म्हणून टेबलमध्ये दिला असेल तर बाहेरची कॉपी ठेवावीच लागते, मग स्टॅटिक लावूनही उपयोग नाही.

एक उदाहरण नीट बाइट मोजून बघू. पिन हाय करायचं फंक्शन, पोर्ट आणि पिन नंबर घेतं आणि १ हा आकडा पिन नंबरइतका सरकवून बीएसआरआर (पिन हाय करायच्या) रजिस्टरमध्ये लिहितं. बाहेर ठेवलं तर त्यात चार इन्स्ट्रक्शन: १ लोड करा, शिफ्ट करा, स्टोअर करा, परत जा, प्रत्येकी २ बाइट, एकूण ८. कॉल करताना पोर्ट ए चा ॲड्रेस तयार करायला ४ बाइट, पिन नंबर टाकायला २ आणि बीएल (कॉल करायची) इन्स्ट्रक्शन ४, म्हणजे दर कॉलला १० बाइट. आत घेतलं तर? पिन नंबर कॉन्स्टंट आहे, शिफ्ट कंपाइलच्या वेळीच होऊन जातं, उरतं काय तर ॲड्रेसचे ४, व्हॅल्यूचे २, स्टोअरचे २, एकूण ८ बाइट. दर कॉलला २ बाइट वाचले, बाहेरची ८ बाइटची कॉपीही गेली आणि लागोपाठ दोन पिन हलवत असाल तर ॲड्रेस परत तयार करावा लागत नाही, दुसऱ्यासाठी ४ च बाइट. इतकं सरळ गणित असताना हे फंक्शन वेगळ्या सी फाइलमध्ये ठेवलेलं असतं आणि हेडरमध्ये नुसतं डिक्लरेशन. कंपायलरला बॉडीच दिसत नाही, तो बिचारा काय करणार. अशी चिमुकली फंक्शनं हेडरमध्येच हवीत.

बॉडी दिसतेय, स्टॅटिकही आहे, तरी इनलाइन होत नाहीये, तर मग अंदाज लावत बसू नका, कंपायलरलाच विचारा. जीसीसीला -एफऑप्ट-इन्फो-इनलाइन-मिस्ड द्या, कुठला कॉल का नाकारला ते ओळ नंबरसकट छापतो. अजून खोलात हवं असेल तर -एफडम्प-आयपीए-इनलाइन-डीटेल्स, त्यात साइज किती धरली, वाढ किती धरली सगळं असतं, फाइल मोठी होते पण फंक्शनच्या नावाने शोधलं की सापडतं. -डब्ल्यूइनलाइन ही वॉर्निंगही आहे, पण ती फक्त इनलाइन लिहिलेल्या फंक्शनबद्दल बोलते.

-ओएस मध्ये सगळ्यात जास्त दिसणारं कारण म्हणजे "कॉल इज अनलाइकली अँड कोड साइज वुड ग्रो". यातल्या अनलाइकली शब्दावर अडकू नका, तो कॉल खरंच क्वचित होतो असं नाही, साइज मोडमध्ये हा शेरा जिकडेतिकडे येतो. महत्त्वाचा भाग दुसरा, साइज वाढेल असं त्याला वाटतंय. "फंक्शन बॉडी नॉट अव्हेलेबल" म्हणजे वर सांगितलं ते. "ऑप्टिमायझेशन लेव्हल ॲट्रिब्यूट मिसमॅच" आलं तर मेकफाइलमध्ये बघा, कोणीतरी कधीतरी दोन फाइल -ओ२ वर टाकून ठेवलेल्या असतात किंवा फंक्शनवर ऑप्टिमाइझ ॲट्रिब्यूट चिकटवलेलं असतं. "टार्गेट स्पेसिफिक ऑप्शन मिसमॅच" असेल तर प्रोसेसरचे फ्लॅग फाइलगणिक वेगळे आहेत.

आता "साइज वाढेल असं वाटतंय" हे वाटणं चुकीचं का निघतं? कारण हा अंदाज फार आधी बांधला जातो, रजिस्टर वाटप व्हायच्या आधी, इन्स्ट्रक्शन २ बाइटची होईल का ४ ची हे ठरायच्या आधी. लिटरल पूल (कोडशेजारी ठेवलेले ॲड्रेस आणि मोठे आकडे) त्याला दिसत नाहीत. कॉलमुळे कॉलरला एलआर (परत कुठे जायचं ते ठेवणारं रजिस्टर) वाचवायला पुश-पॉप करावं लागणार, हेही त्या अंदाजात नीट धरलेलं नसतं. आणि सगळ्यात जास्त फसतो तो इनलाइन असेंब्लीवर.

हा मुद्दा मला सविस्तर सांगायचाय कारण एम्बेडेडमध्ये हा घरोघरी आहे आणि फार कमी लोक इकडे बघतात. असेंब्ली स्टेटमेंटच्या आत काय आहे ते जीसीसी वाचत नाही, तो फक्त स्ट्रिंगमधल्या न्यू-लाइन आणि सेमीकोलन मोजतो आणि त्यात एक मिळवतो. बस. आता इंटरप्ट बंद करायचं फंक्शन बघा. प्रायमास्क (इंटरप्ट चालू की बंद ते ठेवणारं रजिस्टर) वाचा, ४ बाइट, इंटरप्ट बंद करा, २ बाइट. दोनच इन्स्ट्रक्शन. पण कोणीतरी छान वाचता यावं म्हणून स्ट्रिंगच्या आतच असेंब्लीच्या दोन कॉमेंट लिहिल्यात आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी न्यू-लाइन, शेवटच्या ओळीलाही. चार न्यू-लाइन अधिक एक, कंपायलरच्या हिशोबात पाच इन्स्ट्रक्शन! झालं, इनलाइन नाकारलं.

याची किंमत बघा. एक छोटं फंक्शन घेऊ जे इंटरप्ट बंद करतं, एक काउंटर वाढवतं आणि इंटरप्ट पूर्ववत करतं. दोन्ही मदतनीस फंक्शनं बाहेर असतील तर पुश २, बीएल ४, काउंटरच्या चार इन्स्ट्रक्शन ८, बीएल ४, पॉप २, एकूण २० बाइट आणि लिटरलचे ४. आत घेतली तर प्रायमास्क वाचायला ४, इंटरप्ट बंद २, काउंटरचे ८, प्रायमास्क परत लिहायला ४, रिटर्न २. तेही २०, अधिक लिटरलचे ४. म्हणजे कॉलरमध्ये एका बाइटचाही फरक नाही! पण बाहेरच्या कॉपी ८ अधिक ६ अशा १४ बाइटच्या, आणि हेडर स्टॅटिक इनलाइन असल्यामुळे हे १४ बाइट प्रत्येक सी फाइलमागे. वीस फाइलमध्ये वापर असेल तर २८० बाइट फुकट गेले. मध्ये अजून कुठला कॉल असेल तर बाहेर ठेवण्यात आणखी तोटा, कारण जुनं प्रायमास्क आर४ मध्ये हलवा आणि परत आर० मध्ये आणा, हे आणखी ४ बाइट. इंटरप्ट बंद असण्याचा काळ वाढतो ते वेगळंच.

लिनक्स कर्नलवाल्यांना हाच त्रास मोठ्या प्रमाणावर झाला होता. एक्स८६ वर त्यांच्या असेंब्लीत सेक्शन बदलायचे डायरेक्टिव्ह असतात, ज्यांचा मुख्य कोडमध्ये एकही बाइट पडत नाही, पण ओळी भरपूर, आणि जीसीसी त्या सगळ्या मोजायचा. २०१८ मध्ये असेंब्ली मॅक्रो वापरून यातून वाट काढायचा प्रयत्न झाला, तो काही आठवड्यांत मागे घेतला गेला आणि शेवटी जीसीसीमध्येच सोय आली: जीसीसी ९ पासून एएसएम नंतर इनलाइन हा शब्द लिहिला की त्या स्टेटमेंटची साइज कमीत कमी धरली जाते. तुमची टूलचेन तेवढी नवी असेल तर हाच उपाय सगळ्यात स्वच्छ. नसेल तर कॉमेंट स्ट्रिंगच्या बाहेर सी च्या कॉमेंट म्हणून काढा, त्या मोजल्या जात नाहीत, आणि शेवटची न्यू-लाइन उडवा.

इथे कोणीतरी म्हणेल, एवढं कशाला, सरळ ऑलवेज-इनलाइन ॲट्रिब्यूट लावू ना. प्रायमास्कसारख्या एक-दोन इन्स्ट्रक्शनच्या गोष्टींना लावा, सीएमएसआयएसच्या (आर्मच्या तयार लायब्ररीच्या) हेडरमध्येही तसंच केलेलं आहे. पण ते सरसकट लावायला माझा ठाम विरोध आहे. ऑलवेज-इनलाइन म्हणजे कंपायलरला विचार करायचीच बंदी. आज फंक्शन तीन ओळींचं आहे, सहा महिन्यांनी कोणीतरी त्यात एरर चेक आणि लॉगिंग घालतं, आणि तो सगळा ऐवज चाळीस ठिकाणी छापला जातो, कुठलीही वॉर्निंग न येता. मी बघितलेल्या फ्लॅश फुगण्याच्या प्रकरणांत असं जुनं विसरलेलं ऑलवेज-इनलाइन फार वेळा सापडतं. म्हणून सोर्समध्ये तो शब्द शोधा आणि प्रत्येक ठिकाणी काढून साइज परत मोजा, बऱ्याच ठिकाणी कमीच होईल.

मधल्या आकाराच्या फंक्शनसाठी, जी कधी आत घेणं परवडतं कधी नाही, स्टॅटिक इनलाइनपेक्षा सी९९ चं नुसतं इनलाइन जास्त चांगलं. हेडरमध्ये इनलाइन म्हणून पूर्ण बॉडी द्या आणि कुठल्याही एकाच सी फाइलमध्ये एक्स्टर्न इनलाइन असं डिक्लरेशन लिहा. मग कंपायलरने आत घ्यायचं नाही ठरवलं तर सगळ्या प्रोजेक्टमध्ये मिळून एकच कॉपी राहते. ती एक्स्टर्नची ओळ राहिली तर लिंकर अनडिफाइन्ड रेफरन्स देतो, आणि हा एरर फसवा आहे कारण -ओ२ वर सगळं इनलाइन होऊन बिल्ड चालतं आणि -ओएस वर किंवा डीबग बिल्डला फुटतं. सी++ मध्ये ही भानगड नाही, तिथे इनलाइन फंक्शनच्या कॉपी लिंकर आपोआप एक करतो.

आता उलटी बाजू. एकदाच कॉल होणारं स्टॅटिक फंक्शन कंपायलर जवळजवळ नेहमी आत घेतो, कागदावर तो नेहमीच फायदा दिसतो, कॉल गेला, रिटर्न गेला, कॉपीही गेली. पण एम-झिरोवर फंक्शन मोठं होत गेलं की वेगळेच खर्च सुरू होतात. सहज वापरता येणारी रजिस्टरं आठच, ती संपली की व्हॅल्यू स्टॅकवर ठेवा आणि परत आणा, दर वेळी २ बाइट. कंडिशनल ब्रांच २५४ बाइटच पुढे पोचते, त्यापलीकडे जायचं तर अट उलटी करून वर आणखी एक साधी ब्रांच घालावी लागते. लिटरल १०२० बाइटच्या आत हवं, फंक्शन त्याहून मोठं झालं की तोच ॲड्रेस लिटरल पूलमध्ये दोनदा-तीनदा पडतो. यातलं काहीच इनलाइन ठरवताना दिसत नाही. फुगलेलं फंक्शन सापडलं की त्याच्या पोटातल्या मोठ्या फंक्शनला नो-इनलाइन लावून मोजा, किंवा त्या एका फाइलला -एफनो-इनलाइन-फंक्शन्स-कॉल्ड-वन्स देऊन बघा.

स्टॅकचं तर याहून वाईट. समजा सुरुवातीला कॉन्फिगरेशन वाचणारं फंक्शन आहे, त्यात २०० बाइटचा लोकल बफर, मेनमधून एकदाच कॉल. ते मेनच्या आत गेलं की बफरही मेनच्या फ्रेममध्ये गेला, आणि मेन तर कधी परत येतच नाही! ४ केबी रॅममधले २०० बाइट कायमचे अडकले. जीसीसीची मोठ्या स्टॅक फ्रेमची मर्यादा डिफॉल्टला २५६ बाइट आहे, म्हणजे आपल्या या २०० बाइटला तो हरकतही घेत नाही. -एफस्टॅक-युसेज लावलं की प्रत्येक सी फाइलमागे एक .एसयू फाइल मिळते, त्यात मेनचा आकडा बघा. कर्नलमध्ये यासाठी नो-इनलाइन-फॉर-स्टॅक नावाचा वेगळा मॅक्रोच आहे, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की हे स्टॅकसाठी केलंय. तीच पद्धत आपल्या प्रोजेक्टमध्ये घ्या, नुसतं नो-इनलाइन लिहिलं की वर्षभराने कोणाला कारण आठवत नाही आणि कोणीतरी ते काढतं.

एलटीओ, म्हणजे लिंकच्या वेळी सगळ्या फाइल एकत्र धरून केलेलं ऑप्टिमायझेशन, लावून बघावं का? बघावंच. सगळ्या फाइल एकत्र दिसल्या की कोण कोणाला कॉल करतं हे कंपायलरला नक्की कळतं, स्टॅटिक नसलेल्यांचाही प्रश्न सुटतो, आणि वेगवेगळ्या फाइलमधल्या तंतोतंत सारख्या कॉपीही एक होऊ शकतात. फक्त -ओएस आणि प्रोसेसरचे फ्लॅग लिंक करतानाही द्या, आणि बिल्ड झाल्यावर व्हेक्टर टेबल (इंटरप्ट हँडलरच्या ॲड्रेसची यादी) डिसअसेंबल करून बघा. स्टार्टअप फाइल असेंब्लीत असेल आणि हँडलर तिथे वीक (खरा हँडलर सापडला की बाजूला होणारे) म्हणून असतील तर तुमचा खरा हँडलर गळून डिफॉल्ट हँडलर बसल्याचे प्रकार होतात. तसंच, एकदाच कॉल होणाऱ्यांची संख्या एलटीओमुळे वाढते, म्हणून वरचा स्टॅकचा तपास परत करा.

जीसीसी १२ पासून -ओझेड पण आहे, साइजसाठी -ओएसपेक्षा कडक. एका ओळीचा बदल आहे, मोजून बघायला काहीच हरकत नाही, पण बॉडी न दिसणं किंवा असेंब्लीच्या ओळी मोजणं हे प्रश्न त्याने सुटत नाहीत. इनलाइनचे पॅरामीटर हलवायचे असतील तर मॅक्स-इनलाइन-इन्सन्स-साइज हा साइज मोडसाठीचा पॅरामीटर आहे, पण तो सगळ्यात शेवटी. आज जो आकडा चांगला वाटतो तो पुढच्या व्हर्जनला उलटा पडू शकतो, जीसीसी १० मध्येच इनलाइनिंगची बरीच नव्याने जुळणी झाली होती.

क्लँग वापरत असाल तर -आरपास-मिस्ड=इनलाइन द्या, तो तर खर्च आणि मर्यादा दोन्ही आकड्यात सांगतो. मर्यादा एरवी २२५, -ओएस ला ५०, -ओझेड ला ५, त्यामुळे कॉल किती थोडक्यात हुकला हे लगेच दिसतं. हे अंदाज बांधणं मुळातच अवघड आहे म्हणून गूगलच्या लोकांनी २०२१ मध्ये एलएलव्हीएमसाठी (क्लँग ज्यावर चालतो त्यासाठी) एमएलजीओ काढलं, साइजसाठी इनलाइन करायचं का नाही हे शिकवलेलं मॉडेल ठरवतं, आणि -ओझेडच्या तुलनेत ७ टक्क्यांपर्यंत साइज कमी झाल्याचं त्यांनी मांडलं.

हे परत परत उगवू नये म्हणून एकच गोष्ट बिल्ड सर्व्हरवर बसवा. प्रत्येक मर्जनंतर साइजप्रमाणे लावलेली एनएमची यादी साठवायची आणि आधीच्या यादीशी तुलना करायची: कुठलं फंक्शन वाढलं, कुठलं नाव दुसऱ्यांदा आलं, मेनचा स्टॅक किती झाला. टूलचेन बदलायची असेल तेव्हा तर कोडला हात न लावता आधी फक्त ही तुलना करा, जुन्या आणि नव्या कंपायलरची, आणि जी नावं नव्याने यादीत आली त्यांच्यासाठी इनलाइनचा डम्प उघडून कारण वाचा.